१० मीटर एअर रायफल: एकच बंदूक, तीन डब्या, तीन तऱ्हा. छर्रे निवडायचे कसे?

खालची_आळी

नमस्कार मंडळी. मी मालगुंडचा, गणपतीपुळ्याच्या शेजारचा. पुतणी आठवीत आहे. शाळेतल्या सरांनी तिला एअर रायफलची गोडी लावली आणि आता ती जिल्हा स्पर्धेची तयारी करतेय. आमच्या जुन्या घरात ओटी, माजघर आणि मागची पडवी यांची दारं एका रेषेत आहेत. ती उघडली की दहा मीटर आरामात मिळतात. (आजीचं म्हणणं, आजोबांनी घर बांधलं ते यासाठी नव्हे.) टार्गेटच्या मागे तिरपा लोखंडी पत्रा, त्याखाली वाळूचं खोकं, पलीकडे चिऱ्याची भिंत. सराव चालू असला की पडवीचं बाहेरचं दार आतून कडी लावून बंद.

रायफल हवा भरायची, म्हणजे पीसीपी, मॅच प्रकारातली, सेकंडहँड घेतलेली. रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) आणि नळी जाणकाराकडून तपासून घेतली आहे, तिथे काही गडबड नाही.

प्रश्न छर्ऱ्यांचा. सध्या तीन डब्या आहेत: एच अँड एन फिनाले मॅच (स्टिकरवर ४.५०), आरडब्ल्यूएस आर१०, आणि एक स्वस्तातली देशी डबी. टेबलावर वाळूची उशी ठेवून मारलं तर आर१० चं एक नीटस भोक पडतं, फिनालेचं भोक थोडं उभट होतं. देशीचं तर गणितच कळत नाही. चार छर्रे जवळजवळ आणि पाचवा एकदम आठाच्या वर्तुळात. पुतणी म्हणते बंदूक बिघडली, मी म्हणतो छर्रा. दुकानदार म्हणतो सगळे सारखेच, घेऊन टाका.

नेमकं काय बघून निवडायचं? वजन, डोक्याचं माप, की कंपनी?

गंजलेली_स्प्रिंग

कंपनी विचारून उपयोग नाही भाऊ. माझ्याकडे दोन स्प्रिंगच्या बंदुका आहेत, एकाच मॉडेलच्या, आणि एकीला जे छर्रे आवडतात ते दुसरीला चालत नाहीत. नळी ठरवते. आपण फक्त डब्या विकत घेतो आणि बायकोला किंमत कमी करून सांगतो.

काटेकोर

आमचं रत्नागिरीत सोन्याचांदीचं दुकान. मला वजनातलं कळतं म्हणून बोलतो: आधी छर्रे तोला. एकाच डबीत हलका-भारी असेल तर नेम कसा लागणार? काट्यावर घाला, सारख्या वजनाचे वेगळे काढा, प्रश्न मिटला.

दहा_पॉइंट_नऊ

पनवेलजवळ मुलांना १० मीटर शिकवतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर सीझनला पालक विचारतात.

आधी छर्रा बघा. पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ स्कर्ट. डोकं नळीतल्या आट्यांवर टेकून सरळ जातं. स्कर्ट हवेच्या दाबाने फुलून मागची बाजू बंद करतो. डोकं नळीला सैल असेल तर छर्रा किंचित तिरका सुटतो. स्कर्ट एका बाजूने चेपलेला असेल तर हवा तिथून आधी निसटते आणि नळीच्या तोंडाशी छर्ऱ्याला एका बाजूला ढकलते. तुमचा देशी डबीतला पाचवा छर्रा बहुतेक असलाच आहे.

डोक्याचं माप म्हणजे ते ४.४९, ४.५० वगैरे. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, पण नळीला तो कळतो. ४.५० सगळ्यांना बसतं असं नाही. फिनालेमध्ये ४.४९ आणि ४.५१ सुद्धा मिळतात. एकाच कंपनीची दोन-तीन मापं मारून बघा, कधीकधी 'ही कंपनी आपल्या बंदुकीला चालत नाही' ही तक्रार तिथेच संपते.

डोकं सपाट हवं. १० मीटरसाठी सपाट डोक्याचा, साधारण ०.५३ ग्रॅमचा (८.२ ग्रेन) छर्रा रायफलला, त्याहून हलका पिस्तुलाला. सपाट डोकं कागदात पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पाडतं, गोल डोकं कागद फाडतं. लांब अंतरावर मात्र गोल डोक्याचाच बरा, कारण सपाट छर्ऱ्याचा वेग आणि नेम दोन्ही लवकर ढेपाळतात.

आता वजन. काटेकोर, रागावू नका. मॅच रायफलमधून छर्रा साधारण १७० मीटर प्रति सेकंदाने सुटतो. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो साधारण १७ मिलिमीटर खाली येतो. छर्रा एक टक्का जड असेल तर वेग अंदाजे अर्धा टक्का कमी होतो आणि तो साधारण ०.१७ मिलिमीटर जास्त पडतो. टार्गेटवर दशांश गुणाची एक पायरी पाव मिलिमीटरची असते. म्हणजे एक टक्का वजनाने ०.१ गुणही धड जात नाही. चेपलेला स्कर्ट मात्र अख्खं वर्तुळ खातो.

काटेकोर

रागावलो नाही. पण एक टक्का म्हणजे पाच मिलिग्रॅम. तेवढं आमच्याकडे गिऱ्हाईक सोडत नाही हो.

दहा_पॉइंट_नऊ

:) गिऱ्हाईक बरोबर आहे, छर्ऱ्याला मात्र फिकीर नाही. ५० मीटरवर मारणारे लोक तोलतात ते योग्यच आहे, तिथे अंतर वाढतं तसा हा फरक कितीतरी मोठा होतो.

मांगरातलो

गाववाल्यानू, माका एक सांगा. आमच्या बागेत माकडांनी नुसतो उच्छाद मांडल्यानी. शहाळी तोडून टाकतत, आंबो चावून फेकतत. ५.५ मिलिमीटरची बंदूक घेतलंय तर खयचे छर्रे चालतले?

व्यवस्थापक

मांगरातलो, हा धागा कागदावर नेम धरणाऱ्यांचा आहे. माकड-वानरांवर, पक्ष्यांवर छर्रे झाडणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. त्याबद्दलचा सल्ला इथे दिला जाणार नाही, दिल्यास प्रतिसाद उडवला जाईल. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करा. आणि नवी बंदूक घेणाऱ्या सर्वांसाठी: आर्म्स रूल्स २०१६ मधली छर्ऱ्याच्या ऊर्जेची २० जूलची मर्यादा आणि खरेदीचे नियम विक्रेत्याकडून व पोलीस ठाण्यातून नीट समजून घ्या.

मांगरातलो

बरा बरा. मारूचा नाय. पण धागो वाचतलंय, माका आवाडलो.

गंजलेली_स्प्रिंग

माकडाला छर्रा लागून ते मरत नाही, जखम चिघळत राहते. आमच्या वाडीत बघितलंय. राहू दे तो विषय.

खालची_आळी, तुमच्या तपासणीबद्दल एक शंका. ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या भोकांचा पुंजका) किती छर्ऱ्यांचे काढता? पाच? पाचाच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. तीच डबी, तीच बंदूक, तोच माणूस, तरी पाच-पाचाच्या दोन ग्रुपांत एक दुसऱ्याच्या दीडपट सहज निघतो. मग त्यातला सुंदर ग्रुप आपण फोटो काढून टाकतो आणि म्हणतो हेच छर्रे. निदान दहाचे ग्रुप घ्या, आणि प्रत्येक डबीचे बरेच.

अजून एक. एक डबी संपवून दुसरी घेऊ नका. सकाळी हात ताजा असतो, तासाभराने डोळा थकतो, आणि जी डबी शेवटी आली तिच्यावर खापर फुटतं. आलटून पालटून मारा.

खालची_आळी

पाचांचेच काढले होते. आता दहांचे काढतो. पुतणीला सांगितलंय, डब्यांवर कागद चिकटवून अ, ब, क लिही आणि मला न सांगता छर्रे हातात दे. तिला यात भलतीच मजा येतेय. माझी परीक्षा घ्यायची संधी.

एक विचारायचं राहिलं: डबी बदलली की पहिले काही छर्रे इकडेतिकडे जातात का, की मनाचे खेळ?

दहा_पॉइंट_नऊ

मनाचे खेळ नाहीत. प्रत्येक कंपनीचं शिसं आणि त्यावरचा तेलकट थर थोडा वेगळा असतो, नळीत त्याचा पातळ लेप बसतो. डबी बदलली की दहा-पंधरा छर्रे मोजायचेच नाहीत, नळीला नवा लेप बसू द्या. दर वेळी नळी घासूनपुसून काढायची गरज नाही. ग्रुप उगाच सैल व्हायला लागले तर फेल्टच्या गोळ्या ढकलून साफ करा.

आणि चाचणी टेबलावर वाळूच्या उशीवर करा, उभं राहून नव्हे. उभं राहून आठवीतल्या मुलीची नळी जेवढी हलते त्यात छर्ऱ्यांचा फरक बुडून जातो. मोठे नेमबाज तर रायफल व्हाइसमध्ये (घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात) पकडून लॉटमागून लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेला एकेक घाणा, तपासतात. घरी व्हाइस नसला तरी चालेल, फक्त रायफल दर वेळी उशीवर त्याच जागी टेकली पाहिजे. पीसीपीमध्ये हवेचा दाब त्याच पट्ट्यात ठेवा, सिलिंडर संपत येईपर्यंत मारत बसू नका.

गंजलेली_स्प्रिंग

स्प्रिंगवाल्यांनी मात्र वरचं व्हाइसचं वाचून बंदूक आवळू नये!! स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे जातो, आपटतो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक हललेली असते. तिला सैल, मोकळ्या तळहातावर उसळू द्यायचं, दर वेळी सारखं. आवळली की छर्रे भलतीकडे, आणि आपण डबीला शिव्या घालतो. स्प्रिंगवाल्यांची निम्मी छर्रेनिवड म्हणजे हात एकसारखा ठेवणं.

रसायनशाळा

दापोलीहून. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, मुलगा नेमबाजी करतो. तुम्ही सगळे कंपन्या आणि ग्रुपांवर बोलताय, आपल्याकडचा खरा शत्रू कोणी काढलाच नाही. हवा.

शिसं नवं असताना करडं चकचकीत असतं. दमट हवेत आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये त्यावर पांढरट थर धरतो, मुख्यतः लेड कार्बोनेटचा. पावसाळ्यात डबी उघडी राहिली तर छर्रे पिठात लोळवल्यासारखे होतात. ती पांढरी भुकटी विषारी आहे, बोटाला लागते, तोंडात जाते. शिवाय थर सगळीकडे सारखा बसत नाही, म्हणजे इतकं तोलूनमापून घेतलेलं डोकं आणि स्कर्ट पुन्हा वेडेवाकडे. असे छर्रे घासून वापरू नका, सरळ बाजूला काढा.

आता यातली गंमत. दमटपणापेक्षाही शिशाला जास्त झोंबते ती अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ. आणि ती लाकडातून निघते. संग्रहालयांत शिशाच्या वस्तू लाकडी कपाटात ठेवल्यामुळे खराब होण्याची तक्रार जुनी आहे, ओकच्या लाकडाची त्यात विशेष बदनामी. प्लायवूड आणि भुशाच्या पाट्या सुद्धा ही वाफ सोडतात. म्हणजे आपण छर्रे जपून प्लायवूडच्या नव्या कपाटात बंद करून ठेवतो तीच चुकीची जागा. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि तो डबा लाकडाबाहेर ठेवा. स्वयंपाकघरात नको, व्हिनेगरच्या बाटलीशेजारी तर मुळीच नको.

सिलिका जेलचा रंग बदलला की तापवून कोरडं करता येतं. पण निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्ट असतो, तेव्हा जेवणाच्या कढईत ते करू नका.

आणि हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच: मुलं छर्रे ओठांत धरून लोड करतात. बघितलं की थांबवा. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय लाडू नाही.

खालची_आळी

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून उठलो आणि कपाट उघडलं. देशी डबी प्लायवूडच्याच खणात होती. तळाच्या थरातले छर्रे पांढुरके झालेत. बाकी दोन्ही डब्या ओटीवरच्या लोखंडी पेटीत होत्या, त्या ठीक आहेत.

मांगरातलो

माझो आजो सांगायचो, बंदुकीच्या नळयेक खोबरेल लावा, खारो वारो बाधणा नाय. छर्ऱ्यांका पण लावला तर?

गंजलेली_स्प्रिंग

मांगरातलो, बाहेरच्या लोखंडाला आजोबांचं खोबरेल चालून गेलं असेल, पण छर्ऱ्यांना नको. थंडीत ते थिजतं, पुढे जुनं झालं की चिकट होतं. स्प्रिंगच्या बंदुकीत तेल दाबाच्या भांड्यात गेलं तर हवा दाबली जाताना इतकी तापते की ते पेटतं, धूर निघतो, आवाज मोठा होतो आणि वेग वर-खाली उड्या मारतो. नळीवर बाहेरून बंदुकीच्या तेलाचा पुसट हात, नळीच्या आत कोरडं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी वापरानंतर लगेच पुसायची सवय लावावी, विशेषतः घामाच्या बोटांचे ठसे. अलिबागला माझ्या पहिल्या बंदुकीवर बोटाचा ठसा कायमचा उमटलाय.

काटेकोर

मी गप्प बसणारा नाही. खालची_आळी यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून त्याच देशी डबीतले छर्रे (पांढरे नसलेले) माझ्याकडे धाडले. ०.०१ ग्रॅमचा साधा काटा उपयोगाचा नाही, हे आधी सांगतो. ०.५३ ग्रॅमच्या वस्तूत ०.०१ म्हणजे जवळजवळ दोन टक्के, सगळेच सारखे दिसतात. दुकानातला एक मिलिग्रॅमचा काटा घेतला, काचेची झाकणं लावली, पंखा बंद केला (मे महिन्यात, हे लक्षात घ्या) आणि तोलले.

वजनं सगळीकडे सारखी पसरलेली असतील असं वाटलं होतं. तसं नाही. दोन ढीग पडले. एक ढीग हलका, एक जड, मध्ये जवळपास कोणी नाही. मग भिंगाखाली धरले तर दोन्ही ढिगांतल्या छर्ऱ्यांचा स्कर्टचा काठसुद्धा वेगळा. एकाचा पातळ, एकाचा जाड.

दहा_पॉइंट_नऊ

काटेकोर, हे फार कामाचं काढलंत. ही दोन साच्यांची मिसळ आहे. छर्रे कसे बनतात ते बघा: शिशाची तार, तिचे तुकडे, तुकडा साच्यात दाबला की छर्रा. साचा झिजतो, बदलतो, आणि एका कारखान्यात असे अनेक साचे एकाच वेळी चालू असतात. चांगली कंपनी एका साच्याचा, एका लॉटचा माल एका डबीत ठेवते आणि मागे लॉट नंबर छापते. स्वस्त डबीत सगळ्या साच्यांचा माल एका टोपलीत पडतो. तिथे वजनाने पडणारा फरक किरकोळच. पण वजनामुळे कळलं की हे दोन वेगळे छर्रे आहेत, आणि नळी त्यांना वेगळंच वागवणार. म्हणजे काटा पडण्याचा हिशोब करायला नाही, भेसळ पकडायला वापरायचा. माझं आधीचं गणित तसंच उभं आहे, पण तोलायचं कारण तुमच्यामुळे बदललं.

काटेकोर

भेसळ पकडणं आमचा धंदाच आहे.

खालची_आळी

निकाल. पुतणीने अ, ब, क उघड केले. दहा-दहाचे ग्रुप, आलटून पालटून, सकाळी लवकर. दुपारी खारा वारा सुटला की पडवीतल्या दाराच्या फटीतूनही कागद फडफडतो. पहाटेचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा) थांबल्यावर मधला थोडा वेळ हवा अगदी निवांत असते, तेवढाच वेळ वापरला.

आर१० सर्वात आवळ, पण फिनाले ४.५० पासून फरक आधी वाटला तेवढा नाही. दहाचे ग्रुप घेतल्यावर तो 'उभटपणा' जवळजवळ गायब झाला. माझाच श्वास होता बहुधा. फिनालेचं ४.४९ मागवून बघितलं, ते मात्र आमच्या नळीला स्पष्ट खराब, ग्रुप रुंद. देशी डबीतले जड ढिगातले, स्कर्ट तपासून घेतलेले छर्रे मारले तर आठाच्या वर्तुळात जाणारे थांबले. मॅचच्या छर्ऱ्यांइतका ग्रुप नाही, पण वेडेपणा संपला.

एक अडचण आली ती लिहून ठेवतो. पावसाची सर येऊन गेली त्या दिवशीची टार्गेट कार्डं मोजताच आली नाहीत. दमट कार्डात भोकाच्या कडा लोंबतात, स्वच्छ गोल पडत नाही. आता कार्डंही सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो.

रसायनशाळा

कार्डांचा डबा वेगळा ठेवलात ना? छर्ऱ्यांच्या डब्यात नको, शिशाची भुकटी कागदाला लागून मुलांच्या हातावर येते.

खालची_आळी

वेगळाच आहे ताई.

आता मुख्य प्रश्न दहा_पॉइंट_नऊ सरांना. पुतणी उभं राहून मारते तेव्हा तिन्ही छर्ऱ्यांत काही फरक दिसत नाही. मग महागडे घ्यायचे कशाला?

दहा_पॉइंट_नऊ

प्रामाणिक उत्तर: आज तिच्यासाठी फरक थोडा आहे. पण हिशोब असा करा. पात्रता फेरीत मोठ्यांना ६० गोळ्या असतात आणि रायफलला गुण दशांशात मोजतात. छर्ऱ्यामुळे सरासरी ०.१ गेला तरी ६ गुण जातात. राज्य पातळीला ६ गुणांत बरीच मुलं बसतात. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये शेवटच्या गोळीला १०.८ मारले. १०.८ म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर. तिथे पोहोचलेल्या माणसाला छर्ऱ्याचा एक दशांश म्हणजे सगळंच. आठवीतल्या मुलीला आधी तो अर्धा मिलिमीटर दिसायला हवा.

मुलांच्या बाबतीत वाईट छर्ऱ्याचं खरं नुकसान गुणांत मोजता येत नाही. तिने गोळी अगदी नीट सोडली, नऊ आला, कारण छर्रा वाकडा. ती समजते आपण चुकलो, पुढच्या वेळी बदल करते. मग पुढचा छर्रा सरळ आणि तिचा बदल चुकीचा. शिकवणारा म्हणून मला हे सर्वात महाग पडतं. छर्रा एवढा तरी विश्वासाचा हवा की नऊ आला तर तो तिचा नऊ आहे हे तिला कळावं. तुमचा तपासलेला देशी ढीग होल्डिंग आणि ट्रिगरच्या रोजच्या सरावाला चालेल. गुण लिहून ठेवायचे त्या दिवशी आणि स्पर्धेला आर१०. मात्र दोन्ही छर्ऱ्यांचा नेम एकाच जागी बसत नाही, साइट (नेम धरायची काच) क्लिक-क्लिक फिरवून बदलावी लागते. ते क्लिक वहीत लिहून ठेवायला तिलाच सांगा.

तुमच्या आर१० च्या डबीच्या मागे लॉट नंबर असेल. त्याच लॉटच्या अजून मिळतील तेवढ्या डब्या आत्ताच घ्या. पुढच्या वर्षी तीच कंपनी, तेच नाव, वेगळा लॉट आला तर पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागेल.

गंजलेली_स्प्रिंग

आणि मागवाल तेव्हा पार्सल कसं येतं ते बघा. आंबा घाटातून किंवा कुंभार्लीतून हलत डुलत आलेली अर्धी रिकामी डबी म्हणजे आतल्या प्रत्येक छर्ऱ्याने दुसऱ्याचा स्कर्ट चेपलेला. डबी आली की आधी उघडा, वरच्या रिकाम्या जागेत फोमचा तुकडा घाला. काही महागडे छर्रे फोमच्या खाचांत एकेक ठेवलेले येतात ते उगाच नाही.

स्कर्ट तपासायची सोपी युक्ती: काचेवर थोडी उतरण करून छर्रे गडगडवा. शंकूसारखा आकार असल्यामुळे ते वळत जातात, पण सगळे सारख्याच वळणाने गेले पाहिजेत. जो अडखळतो किंवा वेगळा वळतो तो बाजूला.

मांगरातलो

ह्या करून बघितलंय. आमच्या शेजाऱ्याच्या झिलाकडे देशी डबी होती, काचेर घातले तर निम्मे नाचाक लागले.

खालची_आळी

पुण्याच्या दुकानात फोन केला. त्याच लॉटच्या चार डब्या आहेत म्हणाले, बाकीच्या दुसऱ्या लॉटच्या. चारही बाजूला काढायला सांगितल्या आहेत. दुसऱ्या लॉटची एक डबी चाचणीसाठी मागवतोय, पसंत पडली तर आणखी. काटेकोर, चाचणीची डबी आली की आधी तुमच्याकडे पाठवू का?

काटेकोर

पाठवा. पंखा बंद ठेवायची तयारी आहे. पण गणपतीच्या आधी पाठवा, त्यानंतर दुकानात काटा मोकळा मिळत नाही.